उजव्या बुटाची टाच

(नॅशनल पार्कातल्या आडरानातली संरक्षण कुटी, वनरक्षकांच्या मुक्कामाची. दुपार. कुंभिवलीचा पंक्चरवाला लियाकत पायरीवर बसलाय. वनरक्षक असलेली त्याची मुलगी फराह तांब्या घेऊन उभी.)

फराह : सात किलोमीटर एकटे आलात अब्बा? गवे असतात इथं!

लियाकत : आधी पाणी दे. कालपासनं तीन एसट्या बदलल्या, हाडं खिळखिळी झाली. गेटवरला माणूस आला होता निम्म्या वाटेपर्यंत, मीच परत धाडला.

फराह : आन पुढं वाट कशी सापडली? दोन फाटे लागतात.

लियाकत : तुझ्या बुटांवरनं. वाळल्या चिखलात नक्षी उमटलीय. तीस वर्षं टायर बघतोय, मला काय वाट विचारायला लागते?

फराह : जंगलात आलात तरी पंक्चरवालेच!

लियाकत : हां, हस. आता सांग, उजव्या पायाला काय झालं?

फराह : कुठं काय?

लियाकत : डावा बूट खोल रुततोय, उजव्याची टाच उमटतच नाय. टायर एका अंगानं झिजायला लागलं की मी गिऱ्हाइकाला सांगतो, टायर बदलून काय व्हायचं नाय, खाली काहीतरी वाकलंय.

फराह : बूट जुने झालेत, म्हणून.

लियाकत : जुने झाले तर दोनी झिजतात, फराह.

फराह : ...पाणवठ्यावर गवा अंगावर आला. पळताना घळीत पडले. गुडघा दुखावला.

लियाकत : कधी?

फराह : ईदच्या आधी.

लियाकत : ईदला म्हणालीस, ड्यूटी हाय.

फराह : लंगडताना अम्मीनं बघितलं असतं तर पुन्हा येऊ दिलं असतं?

लियाकत : नसतं. पण मला तरी सांगायचं!

फराह : तुमच्या तोंडात तीळ भिजतो का? संध्याकाळच्या आत तिला कळलं असतं.

लियाकत : ते बी खरंच. दमलो गं पोरी. चालून नाय. ते ठसे बघत आलो ना, एका दगडापाशी बसलेली दिसलीस. पुढं पुन्हा तसंच. जीव नकोसा झाला. रोज चालतेस अशी?

फराह : रोज. साहेबांना कळलं तर गेटवर तिकिटं फाडायला बसवतील.

लियाकत : अम्मीनं बजावलंय, घेऊनच या. चौक गावातल्या एका कंपनीत तुझ्यासाठी बोलणं झालंय. खुर्चीवरचं काम, पंखा डोक्यावर.

फराह : त्यासाठी तीन किलोमीटर धावायला शिकवलंत? भरतीच्या वेळी भल्या पहाटे घड्याळ घेऊन कोण उभं राहायचं?

लियाकत : मीच. दुसरं कोण असणार!

फराह : मग?

लियाकत : डॉक्टरला दाखवलंस ना? काय म्हणाले?

फराह : महिनाभर विश्रांती.

लियाकत : मग महिनाभर तिकिटं फाड. जंगल कुठं पळून जात नाय. साहेबांना मी सांगणार नाय, तू सांगायचंस. आजच.

फराह : मला पुन्हा इकडं पाठवलंच नाय तर?

लियाकत : तर भांड त्यांच्याशी. माझ्याशी भांडतेस तशी. पण असा पाय मोडून घेऊ नको.

फराह : ...सांगते. आन अम्मीला?

लियाकत : तिचं मी बघतो. फोन लागतो का इथं?

फराह : खिडकीतल्या त्या खिळ्याला टांगा, तिथंच रेंज येते. स्पीकरवर बोला. हलवू नका. हां, लागला.

नूरबानो (फराहची अम्मी, फोनवरून) : पोचलात? कशी हाय ती?

लियाकत : हाय बरी. वाळलीय. काळी बी झालीय.

नूरबानो : उद्याच्या पहिल्या एसटीनं घेऊन निघा.

लियाकत : ती नाय येत, नूर. तिचं काम हाय इथं.

नूरबानो : म्हणजे तुमाला बी गुंडाळलंन वाटतं!

लियाकत : कंपनीवाल्याला नको म्हणून सांग.

नूरबानो : अवो, ईदला आली नाय तवापासनं माझा जीव थाऱ्यावर नाय. काहीतरी लपवतेय ती. खरं सांगा, धडधाकट हाय ना? चालते ना नीट?

लियाकत : चालते गं. मलाच गाठवत नव्हती.