फायनलच्या दिवशी घर बघायला

हॅलो?… कोण, रोवेना?… हो गं, मीच. या घरात फोन उचलायला दुसरं आहे कोण? तुझे बाबा तीन वर्षांपूर्वीच सुटले…

माझं अभिनंदन कशाला? मी काय सर्व्हिस केली? मी आपली वरची खोली भाड्याने दिली, दर जुलैत विम्बल्डनच्या खेळाडूंना देते तशी. पोरगी फायनलला गेली ती स्वतःच्या पायांनी…

काय वाजतंय? तो धुराचा अलार्म. ओरडू दे त्याला. लापशी करपवतेय… करपली नाही, करपवतेय. मुद्दाम… अगं ऐक ना! पहिल्या सोमवारी माझ्याकडून चुकून करपली. केर्तूने बिचारीने निमूट खाल्ली आणि जिंकली. झालं! तेव्हापासून मॅचच्या दिवशी करपलेलीच हवी. सहा मॅच, सहा पातेली. आज सातवं… हस, हस. पन्नास वर्षं धड स्वयंपाक केला तेव्हा कोणी विचारलं नाही. आता करपवायला लागले तर एस्टोनियाच्या पेपरात माझं नाव छापून आलंय. 'हेस्टर पार्गेटर, फायनलमागचा हात'…

नाही, विसरले नाही. अकरा वाजता, हॅलिवेल नवराबायको, घर बघायला. आजचा दिवस मी नव्हे, तू ठरवलास… 'आई, ती पात्रता फेरीतून आलेली क्वालिफायर आहे, क्रमवारीत एकशे बेचाळीस, सोमवारी संध्याकाळी बॅग भरेल.' हेच म्हणालीस ना?… भरली की! समोरच्या प्रुडन्सबाईंकडच्या पाहुणीने भरली. दोनदा विम्बल्डन जिंकलेली, बरोबर तिचा आचारी, तिचा मालिशवाला, तिच्या उशा. मंगळवारी आमच्या एकशे बेचाळीसने दोन सेटमध्ये घरी पाठवली… हो, तेव्हापासून प्रुडन्स मला बघितलं की पडदा ओढून घेते. तिच्या दिवाणखान्यात विजेत्यांचे फोटो लावलेत ना ओळीने. यंदा खिळा तसाच राहणार…

वास? येणारच वास. खिडक्या उघडायच्या नाहीत, मॅचच्या दिवशी घरातली एकही वस्तू हलवायची नाही… हो, तिचे पायमोजे अजून जिन्याच्या कठड्यावरच आहेत… नाही धुतले… रोवेना, पहिल्या सोमवारपासून नाही धुतले. पुढचं विचारू नकोस.

थांब, बेल वाजली. आलेच वाटतं. पंधरा मिनिटं आधी, वा!… फोन ठेवत नाही, इथे टेबलावर ठेवते. ऐक तूच.

या, या, मिस्टर हॅलिवेल. बाई, तुम्हीही या… नाही नाही, आग नाही लागलेली. नाश्ता आहे… वर जाता येणार नाही. वर एक मुलगी डोळे मिटून बसलीये, तिला आज चार वाजता फायनल खेळायचीये… हो, तीच ती… नाही, सही आत्ता नाही मिळणार. आणि कठड्याला हात लावू नका हं, तुमच्याच भल्यासाठी सांगते… मागची बाग? या दारातून. जा, बघा निवांत.

हॅलो, आहेस ना?… गेले बागेत. अंगावर येतो गं तो माणूस, मोजायची टेप घेऊन आलाय. ती बाई नाकाला रुमाल लावून फिरतेय. चांगले आहेत, हो, फार चांगले. भिंत पाडणार म्हणत होते… कुठली काय, सगळ्याच…

मी टोमणे मारत नाहीये. हा माझा आवाजच आहे…

थांब, काहीतरी विचारतायत… काय म्हणालात? काढून टाकणार? आणि त्या जागी?… अच्छा… कापायला नको, पाणी नको, वर्षभर हिरवं. छान… नाही, मला काही झालं नाही. बसते जरा.

…ऐकलंस? प्लास्टिकचं गवत. तुझ्या बाबांच्या लॉनवर प्लास्टिकचं गवत घालणार आहेत, रोवेना. विम्बल्डनमध्ये! एकतीस वर्षं तो माणूस त्या कोर्टांचं गवत राखत गुडघ्यांवर रांगला. आठ मिलिमीटर म्हणजे आठ मिलिमीटर, नऊ झालं तर रात्रभर झोप नाही. आणि घरी येऊन पुन्हा हेच गवत. मी म्हणायचे, माझे केस कधी एवढ्या मायेने बघितलेस का रे…

नाही, तू थांब. आता मी बोलते. तीन वर्षं तू मला विचारतेयस, कधी विकतेस, कधी विकतेस. का विकायचं नाही, हे एकदा तरी विचारलंस?… जिना. हो, जिन्याची भीती वाटते मला. खरंच वाटते. फेब्रुवारीत पडले ते तुला सांगितलं नव्हतं… ओरडू नकोस, काही मोडलं नाही. पण बागेत गेले की तो तिथेच कुठेतरी वाकून बसलाय असं वाटतं गं. मला नेऊ म्हणता त्या फ्लॅटमध्ये गॅलरीत एक कुंडी मावते. कुंडीत कसा बसेल तो?…

मिस्टर हॅलिवेल! जरा आत येता?… तुम्ही आलात, बरं वाटलं. घर विकायचं नाही… हो, पक्कं. एजंटला मी सांगेन… ती टेप विसरताय. असू द्या, असू द्या, दार मी लावते.

…गेले. बोल आता. बोल की… रडतेयस का?… नाही गं, तुझ्यावर रागावले नाहीये. फार तर थोडीशी…

हो, माहीत आहे. केर्तू परवा जाणार, जिंको नाहीतर हरो. मग पुन्हा मी आणि तो जिना. एवढं कळतं मला. म्हणूनच सांगते, ऐक. तिने मला दोन पास दिलेत, तिच्या माणसांच्या जागेतले. तुझ्या बाबांनी एकही फायनल बसून बघितली नाही, कायम कडेला उभा, आभाळाकडे बघत, ताडपत्री ओढायच्या तयारीत. एका खुर्चीवर मी बसणार. दुसरीवर… अगं प्रुडन्सला नेऊ का? येईल हं ती, पडदा सोडून!… मग तू येतेस?… गिल्डफर्डहून तासाभराचा रस्ता, चारच्या आत सहज पोचशील…

आणि घराचं भांडण?… भांडू की. मी कुठे नाही म्हणतेय? दर दोन गेमनंतर त्या पोरी नव्वद सेकंद खुर्चीवर बसतात. तेवढ्यात भांडायचं. बाकी वेळ माझा हात धरून गप्प बसायचं. चल, ठेवते.