बशीतला केरबा

चिमणाबाई : आता तूच इचार संयोगिता, तुझं आबा काल गुऱ्हाळावर जाऊन काय सांगून आल्यात ते.

केरबा : खरं तेच सांगितलं. पृथ्वीराज मालकाला म्हटलं, दुसरा गुळव्या बघू नगासा. दसरा झाला की गूळ कढवाय काहिलीवर मीच उभा ऱ्हातोय.

संयोगिता : आबा, असं कसं सांगितलंत? हात कापतोय तुमचा, आणि रस उकळत असतो तिथं.

केरबा : आज कापतोय. तूच पुण्याच्या तुझ्या प्रयोगशाळेतनं फोन केलास न्हवं, 'आबा, तुमच्या पेशींत आमचं औषध लागू पडलं' म्हणून? गल्लीभर पेढं वाटलं की मी.

चिमणाबाई : ज्ञानूच्या घरीबी दिलं. बांधावरनं भांडण झाल्यापास्नं त्याचं तोंड बघत न्हवतं हे.

संयोगिता : माझंच चुकलं. इतका आनंद झाला होता, की अर्धंच सांगितलं.

केरबा : मग ऱ्हायलेलं सांग की.

संयोगिता : तुमच्या दंडाची हरभऱ्याएवढी कातडी आम्ही नेली होती ना, तिच्यापासून मेंदूतल्यासारख्या पेशी तयार केल्या. त्या काचेच्या बशीत वाढतात. तुमच्या मेंदूत जे बिघडलेलं प्रथिन साठतंय, तेच त्यांच्यातही साठलं होतं. त्याच्यापायीच हा हात कापतो.

केरबा : आणि तुमच्या औषधानं ते काढलं. म्हंजे आमची भेंडीच झाली की. रसात भेंडीचं पाणी सोडलं की ते मळीला धरून वर आणतंय, मग आपण झाऱ्यानं काढायची.

संयोगिता : बरंचसं तसंच. फक्त झारा आम्ही चालवत नाही. पेशीत तिचा स्वतःचा सफाईवाला असतो, पण हे प्रथिन त्याच्या नजरेतनं सुटतं. आमचं औषध एका टोकानं प्रथिनाला धरतं, दुसऱ्या टोकानं सफाईवाल्याला. दोघांची गाठ घालून दिली, की पुढचं काम तोच करतो.

केरबा : मग झालं तर. मला कधी देतीस?

संयोगिता : देता येत नाही, आबा.

केरबा : का? माझ्याच पेशीत चाललंय न्हवं?

संयोगिता : बशीत चाललंय. माणसाच्या मेंदूपर्यंत ते अजून पोचतच नाही. पोचलं तरी वाईटाबरोबर चांगलंही ओढून नेईल का, हे ठाऊक नाही. आधी उंदरांवर बघायचं, मग माणसांवर. वर्षानुवर्षं जातील. तुमच्यासाठी ते वेळेवर येईल असं मी म्हणू शकत नाही.

चिमणाबाई : पोरी, गुपचूप थोडं आणलंस तर? घरातल्या घरात. कुणाला कळतंय?

संयोगिता : आई, मी रोज ती बाटली हातात घेते. माझ्या मनात आलं नसेल का? पण त्यानं आबांचंच काही बरंवाईट झालं तर मी काय करू?

चिमणाबाई : ऱ्हाऊ दे बाई. माझी आपली येडी आशा.

(चिमणाबाई पदर तोंडाला लावून आत जाते.)

केरबा : त्या बशीतली घाण समदी गेली म्हणतीस?

संयोगिता : सगळी नाही. पण बरीच गेली. आणि पेशी जगल्या.

केरबा : म्हंजे बशीतला केरबा बरा झाला.

संयोगिता : हो, आबा.

केरबा : मग रडतीस कशाला? पेढं काय वाया गेलं न्हाईत.

संयोगिता : मला तुम्ही बरे व्हायला हवे होतात.

केरबा : मलाबी. खोटं कशाला बोलू, लई वाटत हुतं. दसऱ्याला डोक्याला फेटा बांधायचा, हेसुदिक ठरवलंतं मी.

संयोगिता : आबा...

केरबा : आनखी कातडी लागली तर घेऊन जा. दंड हाय अजून शिल्लक. आता मालकाला फोन लाव बघू.

संयोगिता : मी सांगते त्यांना. तुम्ही नका त्रास करून घेऊ.

केरबा : न्हाय, पोरी. शब्द मी दिलाय, मागं बी मीच घ्याय पायजे. तू निस्ता फोन माझ्या कानाला धर.