पाकिटावरची गोरी मालकीण

अगं, नगरच्या प्रदर्शनात माझ्याच चटनीचं पाकीट हातात घेऊन एक बाई मला म्हनली, "मालकीणबाईंना बोलवा." मी म्हनलं, "मीच हाय." तिला पटेचना, कारन पाकिटावरची बाई गोरीपान हुती. माझं डोकंच फिरलं. तशीच कर्जतला, डिझाइनवाल्या सुनीलच्या दुकानात शिरले.

"काकू, फोटो तुमचाच हाय. रंग तेवढा उजळला, नाक नीट केलं. लोकांना असंच लागतं."

"तुझ्या आईचं तोंड असं घासलं असतंस का रं?" मी वरडले.

तो भिंतीकडं बघाया लागला. तिथं हार घातलेल्या फोटोत त्याची आई दुधासारखी गोरी झाली हुती. धा वर्सं तिच्यासंगं खुरपनी केली मी, पन आत शिरताना तिला ओळखलंबी न्हाई.