कोण लागून गेला हा टब्बा?

...आणि ती विद्यापीठातली पोरगी वर म्हणते कशी, "टबली म्हणजे टब्बाचं कुरण, एवढंच!" एवढंच? अहो, तुम्हाला सांगते, आमच्या नवऱ्याने, क्लेमंटने, तीस वर्षं घालवली हो गावाच्या या नावापायी! जुने नकाशे काय, चर्चच्या वह्या काय, समोर सूप गार होतंय त्याची शुद्ध नाही... आणि शोधलं काय, तर टबली म्हणजे राजाचा तळ! मग ओकच्या फळीवर राजा कोरला, घोडा कोरला, (घोडा जरा मेंढीवर गेलाय, मान्य!) आणि गावच्या हिरवळीवर ती पाटी उभी केली. आणि आता म्हणे टब्बा! कोण लागून गेला हा टब्बा?

मार्चमध्ये क्लेमंट गेला, आणि मेमध्ये ही पोरगी टब्बाचं नाव असलेलं हजार वर्षांपूर्वीचं दानपत्र घेऊन हजर! लगेच गावसभा, चहा, बिस्किटं. आमचे अध्यक्ष गॉडफ्री घसा खाकरून म्हणतात, "मॉरीनबाई, तुमचं दुःख कळतं हो, पण खोटी पाटी कशी ठेवायची?" खोटी! अहो, याच माणसाने क्लेमंटच्या शवपेटीला खांदा दिला होता!

हात वर झाले. पाटी बदला म्हणणारे आठ, राहू द्या म्हणणारे आठ, आणि माझा हात मांडीवर. सगळे माझ्याकडे टकामका बघतायत! मी त्या पोरीला विचारलं, "काय गं, केलं तरी काय या टब्बाने?"

"माहीत नाही, आजी. त्याचं नावच तेवढं उरलंय. बाकी काहीच नाही."

काहीच नाही... घर नाही, थडगं नाही, सूप गार होतंय म्हणून ओरडणारी बायको असेल तर तीही कधीच मातीत गेली. क्लेमंटसाठी रडायला निदान मी तरी आहे. या बापड्याला कोण? हात आपोआप वर गेला. टब्बाच्या बाजूने!

घरी येऊन ढसाढसा रडले. तीस वर्षं, हो! राजा आता स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभा आहे, रोज सकाळी मला विचारतो, कोण लागून गेला हा टब्बा?

आणि गावाने माझा मान कसा राखला माहितीये? नव्या पाटीखाली फुलं लावायचं काम मला दिलं! दर शनिवारी दुखरे गुडघे टेकून टब्बाच्या झाडांना पाणी घालते, आणि मग कंबर अशी धरते, की टेकडीवर क्लेमंटच्या थडग्यापर्यंत काही जाववत नाही.