कॅसेटीत न मावलेली चार मिनिटं

अध्यक्ष मालोजीराव, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आणि माझा मित्र गंधार, पुढच्या रांगेत बसलेल्या त्याच्या मातोश्री कालिंदीकाकू, आणि बिरवाडीपासून पोलादपूरपर्यंत आमचा गोंगाट ज्यांनी सात वर्षं सोसला त्या तमाम रसिकांना सोनबाचा नमस्कार.

मी नववीतनं सुटलेला माणूस. एका जागी टिकत नाय, तसं माझं बोलणंही टिकत नाय. आमचा ड्रमवाला हर्षद आत्ताच कानात बोलला, "सोन्या, सत्कार गंध्याचा हाय. तुझं आत्मचरित्र नको." तरी थोडं सांगावंच लागेल.

शहाण्णव साली मी महाबळेश्वरच्या टेम्पोवर क्लीनर होतो. आंबेनळी घाटात गाडी तापली की तासभर बसून राहायचं. तिथली माकडं म्हणजे... असो. वरच्या एका हॉटेलातल्या वेटरकडे विलायतेतल्या जुन्या रॉक बँडची कॅसेट होती. ती मी मागून आणली, महाडात भरून घेतली आणि गंधारला दिली. त्याच बँडची गाणी तशीच्या तशी वाजवायची, एवढाच आमचा उद्योग. इंग्रजी कोणाला येत होतं? मी कानाला लागेल तसं देवनागरीत लिहून गायचो. हर्षद लग्नाच्या बँडमधला, त्यामुळे गोऱ्यांच्या गाण्यात मध्येच वरात शिरायची.

कोऱ्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. शेवटचं गाणं भर रंगात असताना फीत संपली, खट्! आम्हाला वाटलं, गाणंच तिथं संपतं. मग आम्हीही तिथंच थांबायचो. तिघं एकदम, हात वर. आणि महाडकर टाळ्यांनी हॉल डोक्यावर घ्यायचे! आता सांगा मंडळी, चुकतंय असं आम्हाला कळावं कसं?

गेल्या वर्षी भटकत पुण्याला गेलो. एका दुकानात तेच गाणं लागलं. आमची जागा आली, मी सवयीनं हात वर केला, आणि गाणं थांबलंच नाही. पुढे चार मिनिटं नुसती गिटार. दुकानदार म्हणाला, "काय हो, रिक्षा थांबवताय का?" मी ती सीडी घेऊन आलो. कोणी सांगितलं होतं मला आणायला?

गंधारनं ती चार मिनिटं सहा महिने घोटली. कारखान्यातनं पहिली पाळी करून आला की जेवणाआधी गिटार. माघी गणपतीत त्यानं ती वाजवली. मी माईक धरून नुसता उभा. हर्षदचा ठेका दोनदा सुटला, गंधारचा एक सूर हलला नाही. समोर पुण्याचे एक गृहस्थ बसलेले. त्यांचा बँड हीच गाणी मोठमोठ्या हॉटेलांत वाजवतो. त्यांनी याला आपल्या बँडात बोलावून घेतलं. उद्या सकाळच्या एसटीनं तो चालला.

गंधार, अभिनंदन. मनापासून.

परवा काकूंनी मला घरी बोलावलं. त्या घरात मायलेक दोघंच. पोहे पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "सोनबा, तो माझं ऐकत नाही रे. तुझं ऐकेल. एवढं सांग त्याला, नोकरी सोडू नको म्हणावं, इथंच राहा." मी हो म्हटलं. मलाही तेच तर हवं होतं! हा गेल्यावर मी आणि हर्षदनं काय करायचं?

संध्याकाळी स्टँडमागे गंधार भेटला. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "सोन्या, तू सांग. तू नको म्हणालास तर नाही जात."

एवढं सोपं होतं बघा. आणि माझ्या तोंडातनं निघालं, "जा."

का निघालं, ते मलाही सांगता येत नाही.

अध्यक्षांनी बोलू दिलं, मंडळानं हॉल दिला, आपण ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायचं असतं. ते बाकी सगळ्यांना म्हणतो. काकू, तुम्हाला म्हणायला जीभ रेटत नाही. तुमचं म्हणणं मी त्याला सांगितलंच नाही. उद्या त्याची बॅग उचलायला मी दारात येईन. आत घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.