नाव सोडून बोला

पाय मुरगळलेल्या शाळेच्या बाई अपघात विभागाच्या खिडकीजवळ नंबर लावून बसल्या होत्या. त्यांच्या पुढे एक तरुणी मोडलेला हात छातीशी धरून उभी होती.

"ताई, ओळखपत्र?" कारकुनाने विचारलं.

"आहे, पण देणार नाही. नावही सांगणार नाही. आधी हात बघा."

"अहो, नावाशिवाय केसपेपर कसा काढू?"

"मागच्या खेपेला नाव दिलं, तर तासाभरात नवरा दारात. तुमच्याच माणसाने त्याला माझी खाट दाखवली."

"तेव्हा मी नव्हतो इथे."

"म्हणूनच तुमच्याशी नीट बोलतेय."

आतून नर्स आली. "बेशुद्ध पेशंटचं लिहितो तसं लिहा, भाऊ. अनोळखी महिला, उजवा हात. चला ताई, आत."

त्याने तसंच लिहिलं.

थोड्याच वेळात कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस रांग मोडून खिडकीशी आला आणि त्याने बायकोचं पूर्ण नाव सांगितलं. "हात मोडलाय तिचा. आत असेल."

कारकुनाने रजिस्टरवरून सावकाश बोट फिरवलं. "या नावाचं कुणी आलेलं नाही."

"नीट बघा."

"बघितलं, साहेब."

शाळेच्या बाई लंगडत उठल्या आणि खिडकी अडवून उभ्या राहिल्या.

"सरका हो, माझा नंबर आहे. घ्या लिहून माझं नाव. पत्ताही घ्या, सगळं सविस्तर सांगते."