पार्वती होल्डिंग

किशनराव : ते सगळं खरं असंल, भागवत. मी एवढंच विचारायलोय, उद्या पहाटं जीप मिळती का न्हाई?

भागवत : बापू, मी न्हाई कुठं म्हणालो? माझ्या हातात न्हाई, एवढंच म्हणालो.

किशनराव : जीप आपल्या दारात उभी हाय. टपावर कोंबडी बसलीय बघ. आणखी किती हातात पायजे?

भागवत : दारात उभी राहिली म्हणून आपली होत न्हाई. ती गाडी कंपनीची मालमत्ता हाय. आन गाडी कंपनी शिवकन्याच्या नावानं हाय.

किशनराव : तुझ्या बायकोलाच विचारलं की सकाळी. पदर सावरून म्हणाली, मामा, लोखंड तेवढं माझं, ते कुठं जायचं ते मला कळत न्हाई, भाऊजींना विचारा. हरिओमकडं गेलो. धाकटा हाय, तरी ऐकंल वाटलं. तो म्हणला, बापू, मी नुसता चालक कंपनी, रस्ता भुजंगभाऊ ठरवतात. भुजंगला, तुझ्या मेव्हण्याला फोन लावला. तो म्हणला, मामा, उद्या पालमचा बाजार हाय, रूट बदलायचा तर ग्रुपचं धोरण लागतं, दाजींना विचारा. दाजी म्हंजे तू. मेंढरू हरवलं तरी एवढं हिंडावं लागत न्हाई.

भागवत : बघा, कुणीच चुकीचं बोललं न्हाई. ज्यानं त्यानं आपापलं खातं बरोबर सांगितलं.

किशनराव : आन तुझ्या मायच्या डोळ्याचं खातं कुणाकडं हाय?

भागवत : आता तुमी तसं बोलायलात.

किशनराव : कसं बोलू मंग? ही तिसरी तारीख हाय. परभणीचा डाक्टर म्हणला, बाबा, मोतीबिंदू पार पिकलाय, आता आणखी थांबलात तर आत फुटंल, मंग माझ्याकडं आणू नका. सकाळी आठाच्या आत बोलावलंय, उपाशीपोटी. येष्टी गावात येती दहाला, ती बी ड्रायव्हरच्या मनात असंल तर. आन येताना पट्टी बांधलेला डोळा घिऊन ती काय बाजारच्या गर्दीत उभी राहणार हाय का?

भागवत : माय मला काय परकी हाय? पण सिस्टिम एकदा मोडली की मोडली. आज मायसाठी मोडली, उद्या मावशीसाठी मोडायची, परवा मावशीच्या जावेसाठी.

किशनराव : ही सिस्टिम तुला शिकवली कुणी? तू तर चाकणला सीटांना कव्हर चढवायला होतास.

भागवत : तिथंच शिकलो. पयल्या दिशी आमाला थंडगार खोलीत बसवून पिक्चर दाखवला, कंपनीचा इतिहास म्हणून. तिकडं बर्फाच्या मुलखात एक माणूस होता. दुधाच्या कॅनची गळती बुजवून पोट भरायचा. त्यानं सायकल केली, सायकलीला इंजिन लावलं, मंग मोटार केली. त्याला दोन पोरं. एकानं ट्रक घेतले, एकानं मोटारी. मंग दोघं एकमेकाचं तोंड बघंनात.

किशनराव : बांधावरून?

भागवत : बांध न्हाई, शेअरवरून.

किशनराव : तेच ते. पुढं?

भागवत : पुढं नातवांनी दोन्ही घरं एक केली. तवर दुसरी एक जंगी कंपनी ह्यांना गिळायला आली, तर ह्यांनीच तिला गिळलं. आज चौदा नावांच्या गाड्या निघतात. गरिबाची येगळी, श्रीमंताची येगळी, आन ज्याला आपण श्रीमंत हाव असं वाटतं त्याची येगळी. माझी चांगली का तुझी चांगली, म्हणून लोक भांडतात. आतला सांगाडा एकच. आन ह्या समद्यांच्या वर बसलीय होल्डिंग कंपनी. तिला कारखाना न्हाई, गोदाम न्हाई, एक पाना सुदीक न्हाई. जिथं कर कमी लागतो त्या देशात तिची एक खोली. खोलीत एक बाई, बाईपाशी एक फोन. बापू, अंगावर काटा आला माझ्या.

किशनराव : दिवसभर एकटीच बसती व्हय ती बाई?

भागवत : तुमाला बाई दिसली. मला स्ट्रक्चर दिसलं.

किशनराव : बरं, त्या स्ट्रक्चरात तू कुठं होतास?

भागवत : मी म्हंजे... कंपनीला सीट पुरवणारी एक कंपनी, तिला माणसं पुरवणारा एक ठेकेदार, त्याच्याकडं.

किशनराव : म्हंजे गावात न्हाई, शिवंत न्हाई, शिवंच्या पल्याड झाडाखाली.

भागवत : पण टोपी कंपनीची होती.

किशनराव : टोपीचंच डोक्यात गेलं मंग. गावाकडं आलास तर आधी माझा फोटो टांगलास स्टँडवरच्या टपरीत. खाली लिवलंस ‘संस्थापक’, आन वरून हार घातलास. दोन दिवसांनी सोनपेठचे पाव्हणे दुखवट्याला आले. मी चहा घिऊन म्होरं गेलो तर एकजण उठून पळाला.

भागवत : काढला की हार.

किशनराव : तुझ्या मायनं काढला. आन ते खाली काय लिवलं होतंस? ‘तालुक्यातल्या माणसाच्या पायाला चाकं मिळावीत, हे स्वप्न उराशी बाळगून किशनरावांनी आपली मेंढरं विकली.’ आरं, मी मेंढरं विकली कारण गुडघं गेलं होतं माझं. आन मानवतचा साडू ती जीप गळ्यात मारल्याबिगर उठंना. माझ्याच घरी जेवायचा, माझ्याच वसरीत झोपायचा, आन सकाळी उठून म्हणायचा, घिऊन टाका. बेजार होऊन घेतली.

भागवत : इतिहास तसा लिवत नसतेत, बापू. त्या पिक्चरवाल्याच्या घरी बी कुणाचं तरी गुडघं असणार, कुणीतरी साडू असणार. तेवढं कापून काढतात.

किशनराव : बरं बाबा. पण एका जिपेला पाच कंपन्या कशाला? आधी तू होतास, हरिओम होता, जीप होती. कुणी बाळंतीण अडली की निघायची. भाडं दिलं तर दिलं.

भागवत : तवा समदा जिम्मा बी आपल्याच डोक्यावर होता. तानुबाईचं इसरलात का?

किशनराव : इसरीन कसा? शेजारीण हाय आपली.

भागवत : मागच्या दाराची कडी ढिली होती. कॅनॉलच्या वळणावर दार उघडलं आन ती हातावर पडली. दुसऱ्या दिशी सगळी गल्ली आपल्या दारात. त्या रात्री मला ब्रेकचं आठवलं.

किशनराव : कसल्या ब्रेकचं?

भागवत : आमच्या त्या कंपनीच्या गाड्यांचा एकदा ब्रेक लागंना. कोर्टानं विचारलं, दोष कुणाचा. होल्डिंग म्हणली, आमी नुसते शेअर धरून बसलोत. गाडीवाली म्हणली, ब्रेक आमी भाईरून घेतो. ब्रेकवाली म्हणली, इस्प्रिंग आमी भाईरून घेतो. आन इस्प्रिंगवाली कंपनी कवाच बंद पडलेली. काय करता? कोर्ट अजून तिचा पत्ता हुडकायलंय.

किशनराव : ब्रेक लागला का पण?

भागवत : ते त्या गोष्टीत न्हाई.

किशनराव : बरं.

भागवत : तर मी परभणीच्या एका सल्लागाराकडं गेलो आन आपलं बी तसंच बांधून घेतलं. लोखंड शिवकन्याचं, चालवणं हरिओमचं, डिझेल आन रस्ता भुजंगचा, ब्रँड माझा.

किशनराव : ब्रँड म्हंजे काय करतोस तू?

भागवत : बोनेटवर नाव लिवलंय न्हाई का? ‘पालम ग्लोबल’. ते माझं.

किशनराव : आन ढिली कडी कुणाची?

भागवत : त्यातच तर मेख हाय. ती पाचातल्या कुणाचीच न्हाई.

किशनराव : म्हंजे तानुबाई आत येऊ नये म्हणून तू चौफेर काट्याची कुपाटी घातलीस. आन आता तुझी माय बी कुपाटीच्या भाईर राहिली. शेळ्यामेंढ्यात जलम गेला माझा, पण कुपाटी घालताना आधी आपली जनावरं आत मोजावी लागतात, एवढं मला मालूम हाय.

भागवत : बापू, तुमी भावनेवर जाता.

किशनराव : जातो. आता शेवटचं विचारतो. चौघांचं झालं, पाचवी कंपनी कोण? ती वरची, खोलीत बसणारी?

भागवत : ती जाऊ द्या.

किशनराव : का जाऊ द्या? चौघं म्हणतेत माझ्या हातात न्हाई, मंग तिच्याच हातात असणार. कुणाच्या नावानं हाय?

भागवत : मायच्या.

किशनराव : कुणाच्या मायच्या?

भागवत : आपल्या. म्हंजे माझ्या. ‘पार्वती होल्डिंग’. सल्लागार म्हणला, बाईच्या नावानं केलं तर सवलत मिळती, आन आंधळ्या म्हाताऱ्या बाईवर दावा लावायला कुणी धजत न्हाई.

किशनराव : अगं ए, भागवतची माय. जरा भाईर ये.

(पार्वतीबाई भिंत चाचपत ओसरीवर येतात.)

पार्वतीबाई : ऐकलंय समदं. माझे डोळे गेले, कान न्हाई गेले. हात नको देऊ भागवत, उंबरा मला ठावा हाय. ती सही तू ह्याच्यासाठी घेतली होतीस व्हय?

भागवत : मी सांगितलं होतं, माय. म्हणालो न्हाई का, गाडीला तुझं नाव द्यायलोय?

पार्वतीबाई : मला वाटलं म्होरल्या काचेवर लिवणार. शिवकन्याला दोन-चार डाव म्हणाले, बघ गं, लिवलंय का. ती म्हणायची, रंगवाला आला न्हाई. मी आपली रंगवाल्याची वाट बघत बसले.

भागवत : काचेपेक्षा मोठी जागा दिलीय तुला. सगळ्यात वर हायस तू.

पार्वतीबाई : वर बसून काय करायचं असतं?

भागवत : काई न्हाई. होल्डिंग काईच करत नसती. ती नुसती असती.

पार्वतीबाई : ते तर मी तसं बी करायले होते. त्याला सही कशाला लागली? आन ऐकायचं कुणाचं असतं ह्या समद्यांनी?

भागवत : कागदावर तुझं. पण होल्डिंगनं रोजच्या कारभारात पडू नये, अशी रीत हाय.

पार्वतीबाई : आन होल्डिंगला दिसंनासं झालं, तर काय रीत हाय? ते दाखवलं न्हाई का पिक्चरात?

भागवत : न्हाई दाखवलं.

किशनराव : कापलं असंल.

पार्वतीबाई : तुमी जरा गप बसा. भागवत, त्या मागच्या दाराला कडी बसवली का रं?

भागवत : सुतळीनं बांधलंय सध्या. कडी कुठल्या कंपनीनं घ्यायची ते ठरायचंय.

पार्वतीबाई : अजून ठरायचंय. तिचा हात वाकडा जुळून बी आला, आन तुमचं ठरायचंय.

भागवत : माय...

पार्वतीबाई : ऐक. तानुबाईला भाकर थापता येत न्हाई. खुरपायला तिला कुणी बोलवत न्हाई. रोज दुपारच्याला येती आन माझ्यापाशी बसती. मी शेंगा फोडते, ती चांगल्या-किडक्या निवडती. दोघी मिळून एका बाईचं काम करतो. मंग ती म्हणती, पार्वती, हरिओम म्हणतो वयनीला विचार, वयनी म्हणती माझ्या भावाला विचार, भाऊ म्हणतो दाजीला विचार. ह्या जिपेचा मालक हाय तरी कोण? आन मी तिला म्हणायचे, मला काय ठावं बाई. तिचा तो हात मांडीवर घिऊन, तेल चोळत चोळत म्हणायचे.

भागवत : तुला ठाऊकच नव्हतं. तुझा काय दोष त्यात?

पार्वतीबाई : कुणाचाच दोष नसावा म्हणूनच तर केलंस की तू हे समदं. चांगलं जमलंय. कुणाचाच न्हाई. पण मला लाज वाटायलीय रं, मी काय करू तिला?

किशनराव : रडू नको. डोळ्याला चालत न्हाई म्हणलाय डाक्टर.

पार्वतीबाई : रडत न्हाई मी. भागवत, आज दिवस बुडायच्या आत पालमला जा आन कडी आण. कुठल्या कंपनीनं आणली ते मला सांगू नको. हरिओमला म्हणावं, पहाटं गाडी काढ. बाजाराचं भाडं गेलं तर जाऊ दे.

भागवत : काढतो. मी सोता येतो संगं.

पार्वतीबाई : तू ये, न्हाई तर नको येऊ. तानुबाई येणार हाय. हाडाच्या डाक्टरला दाखवायचा तिचा हात. परत मोडून बसवायचा म्हणला तर तसं. ते कुणी करायचं, ते मालकिणीनं ठरवलंय.

भागवत : करू, माय. समदं करू. पण एक माझं ऐक. तिला हे मालकीचं बोलू नको. आजवर ती चार ठिकाणी हिंडायली, तवर बरं होतं. एकदा का कळलं तर ती तुझ्याच दारात येऊन बसंल.

पार्वतीबाई : रोज येऊन बसतीच की ती, लेकरा. आता तिच्या तोंडाकडं बघून बोलता यील मला, एवढंच.